शुक्रवारी सही करू नका: रिटायरमेंट कम्युनिटीत नऊ लाख डॉलर भरण्याआधी

पत्र (थोडं गाळून): ताई, नमस्कार. आम्ही दोघं कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, १९८४ पासून एकाच घरात. मी ७२, हे ७६. मुलगा सिअ‍ॅटलला. जिना आता जमत नाही म्हणून जवळच्याच एका सीसीआरसीत जायचं चाललंय, म्हणजे आधी आपलं अपार्टमेंट आणि पुढे लागलं तर असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांना मदत), मेमरी केअर (स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी), नर्सिंग सगळं एकाच आवारात. एन्ट्रन्स फी नऊ लाख डॉलर, त्यातले ९० टक्के परत मिळणार म्हणतात, वर दोघांचे महिन्याला ९,२००. यांना गेल्या वर्षी पार्किन्सनचं निदान झालंय, अजून सुरुवात आहे. हे तर त्या जागेवर फिदा आहेत. सेल्सवाली म्हणते शुक्रवारपर्यंत सही केली तर कोपऱ्यातलं अपार्टमेंट तुमचं, नाहीतर दुसरं जोडपं तयारच आहे. मुलगा म्हणतो आई हा फ्रॉड आहे. मला फ्रॉड वाटत नाही पण झोप उडालीय. घराचे पैसे बुडले तर? फी वाढवत नेली तर? एकाला हलवलं तर? कायदा आमच्या बाजूने आहे का काही? नाव छापू नका.

उत्तर:

सनीव्हेलच्या ताई, नाव नाही छापत, निश्चिंत राहा.

आधी शुक्रवारचं बघू. शुक्रवारी सही करायची नाही. दुसरं जोडपं असेलही, खोटं बोलतेय असं मी म्हणत नाही, पण नऊ लाखांच्या कराराला चार दिवस देणारी जागा पुढे तुमची तक्रार किती शांतपणे ऐकेल याचा अंदाज आत्ताच घ्या. कोपऱ्यातलं अपार्टमेंट गेलं तर जाऊ दे, अशा ठिकाणी अपार्टमेंटं रिकामी होतच असतात, कारण काय ते तुम्हाला मला दोघींना माहितीय.

मुलाला सांगा, फ्रॉड नाहीये. अमेरिकेत ही पद्धत कित्येक दशकं चालू आहे आणि बऱ्याच जागा चर्चच्या किंवा ना-नफा संस्थांच्या आहेत. पण त्याची भीती चुकीच्या जागी असली तरी खोटी नाही. तुम्ही घर विकून दुसरं घर घेताय असं तुम्हा दोघांना वाटतंय (पत्रात 'आमचं नवीन घर' असं तुम्ही दोनदा लिहिलंय). घर नाही ते. तुमच्या नावावर डीड होणार नाही. तुम्ही एका संस्थेला नऊ लाख देताय, ती तुम्हाला राहायची जागा आणि काळजी घेण्याचं वचन देतेय, आणि पैसे परत करण्याचंही एक वचन देतेय ज्याला बहुतेक वेळा तारण काही नसतं. आपल्याकडे पतपेढीत ठेव ठेवायच्या आधी जुनी माणसं विचारायची ना की चेअरमन कोण, कर्ज कोणाला दिलंय, गेल्या वर्षी कोणाची ठेव अडकली का, अगदी तेच प्रश्न इथे विचारायचे. स्विमिंग पूल नंतर बघा.

आता ते ९० टक्के. हे वाक्य ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात असतं आणि 'कधी परत' ते करारात आत कुठेतरी. बहुतेक ठिकाणी अट अशी की तुमचं अपार्टमेंट पुन्हा दुसऱ्या कोणाला दिलं गेलं, त्याचे पैसे आले, की तुमचे परत. म्हणजे तुम्ही दोघं गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर मुलगा वाट बघत बसणार. कॅलिफोर्नियात याला थोडा लगाम आहे: १ जानेवारी २०१७ नंतरच्या करारांत अपार्टमेंट पुन्हा भरलं की १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि जागा सोडून १८० दिवस झाले तरी पैसे मिळाले नाहीत तर ४ टक्के व्याज लागू होतं, २४० दिवसांनंतर ६ टक्के. जागा भरायचा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे असंही कायद्यात आहे. चांगलंय. पण व्याज लागू होणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं, संस्थेकडे पैसेच नसतील तर ६ टक्के कशावर?

आणि इथे तुमचा खरा प्रश्न येतो, बुडले तर काय. खोटी आशा दाखवत नाही. बँकेतल्या ठेवीला एफडीआयसीचा सरकारी विमा असतो तसं इथे काही नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात संस्था मोडीत निघाली तर रहिवाशांच्या कराराला इतर देणेकऱ्यांच्या वरचं स्थान आहे, पण ज्यांच्याकडे मालमत्ता गहाण आहे त्यांच्या खालीच. आणि गहाण कोणाकडे असते? इमारत बांधायला ज्यांनी बाँड घेऊन पैसे दिले त्यांच्याकडे. म्हणजे आधी बाँडवाले, मग उरलं तर तुम्ही.

हे काही कागदावरचं नाही. न्यूयॉर्कला लाँग आयलंडवर पोर्ट वॉशिंग्टनला हार्बरसाइड म्हणून एक जागा आहे, २०१० मध्ये सुरू झाली, अगदी सुंदर, समुद्राजवळ. २०१४ मध्ये दिवाळखोरी, २०२१ मध्ये पुन्हा, २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. मोठमोठ्या रकमा भरून आलेली म्हातारी माणसं, ज्यांना शेवटपर्यंतच्या काळजीचं वचन दिलेलं होतं, त्यांना नव्वदीत दुसरी जागा शोधायची वेळ आली आणि परताव्याचे पूर्ण पैसे घरच्यांना मिळाले नाहीत. उलटंही उदाहरण आहे, एरिक्सन ही मोठी कंपनी २००९ मध्ये चॅप्टर ११ मध्ये म्हणजे दिवाळखोरीत गेली पण दुसऱ्याने विकत घेतली आणि त्यांच्या जागा आजही चालू आहेत. तेव्हा दिवाळखोरी म्हणजे रस्त्यावर येणं असंच नसतं, पण कुठल्या बाजूला पडाल ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते आधी बघणं.

तर काय बघायचं. तुम्ही सिस्कोत अकाउंट्सला होतात असं लिहिलंय म्हणून थोडं खोलात जाते, बाकीच्यांनी हे मुलाला किंवा सीपीएला, म्हणजे हिशेब-टॅक्स बघणाऱ्याला, द्या.

एक, ती संस्था ना-नफा असेल आणि बाँड काढले असतील तर तिचे हिशेब एम्मा नावाच्या सरकारमान्य वेबसाइटवर फुकट दिसतात, म्युनिसिपल बाँड खरेदी करणाऱ्यांसाठी असते ती. तिथे संस्थेचं कायदेशीर नाव टाका (ब्रोशरवरचं गोड नाव नाही, करारावरचं नाव). ऑडिट मिळेल, बऱ्याचदा दर तिमाहीचा रिपोर्ट पण मिळेल ज्यात अपार्टमेंट किती टक्के भरलीत, हातातल्या पैशावर किती दिवस खर्च चालेल म्हणजे डेज कॅश ऑन हँड, आणि कर्जाचा हप्ता फेडून किती उरतं ते असतं. एकाच वर्षाचा आकडा बघू नका, चार-पाच वर्षांचे ओळीने मांडा. भरलेली अपार्टमेंटं कमी कमी होतायत आणि कॅश पण उतरतेय असं दिसलं तर मला पुढचं काही विचारायचीच गरज नाही, तुम्हाला कळेल. बाँडवाल्यांना हे सगळं दर तिमाहीला मिळतं आणि नऊ लाख भरणाऱ्या माणसाला कॉफी आणि कुकी मिळते, हे मला कधी पटलेलं नाही.

दुसरं, कॅलिफोर्नियात अशी जागा चालवायला राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ सोशल सर्व्हिसेसचं सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी लागतं, आणि संस्थेला वर्षभराच्या कर्जाच्या हप्त्यांएवढी आणि शिवाय ७५ दिवसांच्या चालू खर्चाएवढी रोकड राखून ठेवावी लागते. दरवर्षी रिपोर्ट जातो त्यांच्याकडे. तो रिपोर्ट मागा. सेल्सवालीकडे आणखी एक कागद असतो, डिस्क्लोजर स्टेटमेंट, तो सहीच्या आधी तुम्हाला द्यावाच लागतो आणि त्यात गेल्या काही वर्षांत मंथली फी सरासरी किती होती आणि किती टक्क्यांनी वाढली ते छापलेलं असतं. फी वाढीच्या प्रश्नाला तोंडी उत्तर घेऊच नका, तो तक्ता बघा. ५ टक्के वाढ दरवर्षी धरली तर तुमचे ९,२०० दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास जातात, हे वहीत मांडून बघा आणि मग आपलं पेन्शन, सोशल सिक्युरिटी काय आहे ते.

फी वाढीवर कायद्याने वरची मर्यादा नाही हो इथे. ३० दिवस आधी लेखी कळवायचं, रहिवाशांची मीटिंग घेऊन कारणं आणि आकडे द्यायचे, एवढं बंधन आहे. त्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारणारी माणसं असली तर फरक पडतो, नसली तर चहा-बिस्किटं.

आता पार्किन्सन. हा विषय तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात पण माझ्या मते सगळ्यात मोठा हाच आहे. अशा जागा प्रवेशाच्या वेळी तब्येत तपासतात, डॉक्टरांचे रिपोर्ट मागतात. कारण उघड आहे, जिथे 'लाइफ केअर' म्हणजे ए टाइप करार असतो तिथे नर्सिंगला हलवलं तरी मंथली फी जवळपास तेवढीच राहते, म्हणजे पुढच्या आजाराचा खर्च संस्था अंगावर घेते. बी टाइपमध्ये थोडे दिवस किंवा थोडी सूट. सी टाइपमध्ये आज कमी भरायचं आणि नर्सिंग लागलं की तेव्हाच्या बाजारभावाने. ९,२०० मध्ये तुम्हाला यातलं काय देतायत ते पत्रावरून कळत नाही, आणि मला शंका आहे की तुम्हालाही सांगितलेलं नाही. एकच प्रश्न लिहून विचारा: 'उद्या यांना मेमरी केअरमध्ये हलवलं आणि मी अपार्टमेंटमध्येच राहिले तर आमची दोघांची मिळून महिन्याची फी किती?' उत्तर ईमेलवर मागा.

मोह होईल पण पार्किन्सन लपवू नका. 'अजून काही दिसत नाही, कशाला सांगायचं' असं तुमच्या यांना वाटत असेल तर समजवा, अर्जात खोटी माहिती दिली तर करार मोडायला तेवढंच कारण पुरतं असं कलम बहुतेक करारांत असतं. खरं सांगून त्यांनी सी टाइप दिला किंवा पार्किन्सनपुरती नर्सिंगची सूट काढून घेतली, तरी निदान कशावर सही करतोय ते कळेल. दोन जागांचे अर्ज करा, सगळ्यांचे नियम सारखे नसतात. एकाने नाही म्हटलं म्हणून खचू नका.

मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) आहे ना, असं म्हणणारे मंडळात पुष्कळ भेटतात. मेडिकेअर रोजच्या देखभालीचे, म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, यांचे पैसे वर्षानुवर्षं देत नाही. हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस इनपेशंट राहून आलात तर नर्सिंगमधले जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० पूर्ण आणि पुढे तुमचा वाटा. आणि 'ऑब्झर्व्हेशन' म्हणून ठेवलं असेल तर ते दिवस धरतच नाहीत, कॉट तीच, गाउन तोच. हॉस्पिटलमध्ये असाल तेव्हा रोज विचारा, अ‍ॅडमिट आहे की ऑब्झर्व्हेशन. आणि हो, 'मग पुण्यालाच जाऊ' असं यांचं अधूनमधून चालू असतं असं लिहिलंयत, तर मेडिकेअर तिकडे साधारण चालत नाही एवढं लक्षात ठेवून काय ते बोला.

हलवण्याबद्दल. रात्रीतून उचलून दुसऱ्या विंगला नेऊन टाकलं असं करता येत नाही. तब्येतीचं मूल्यमापन, तुमच्याशी आणि घरच्यांशी बोलणं, लेखी नोटीस, आणि पटलं नाही तर राज्याच्या त्याच डिपार्टमेंटच्या कंटिन्युइंग केअर विभागाकडे दाद मागता येते. नवरा तिकडे गेला म्हणून बायकोला अपार्टमेंट सोडायला लावतात का, हे करारात स्पष्ट असलं पाहिजे. आवारातली नर्सिंगची खाट भरलेली असेल तर बाहेर कुठे पाठवतात आणि फरकाचे पैसे कोण भरतं ते पण. मेडिकेअर स्वीकारणाऱ्या नर्सिंगला १९८७ चा केंद्राचा नर्सिंग होम कायदा लागू आहे, तिथे माणसाला बांधून ठेवणं, गुंगीची औषधं देणं यावर बंधनं आहेत, आणि प्रवेशासाठी 'आम्ही कोर्टात जाणार नाही, लवादाकडेच जाऊ' या कागदावर सही करायची सक्ती करता येत नाही, २०१९ चा नियम आहे. समोर ठेवतील, हसून ठेवतील. नाही म्हणा. तिथल्या नर्सिंगला सरकारी केअर कंपेअर साइटवर किती स्टार आहेत ते बघायला पाच मिनिटं लागतात.

आता तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट. कॅलिफोर्नियात राहायला गेल्यापासून ९० दिवसांत कुठलंही कारण न देता करार रद्द करता येतो. सहीपासून नाही, राहायला गेल्यापासून. एन्ट्रन्स फी परत, राहिलात तेवढ्या दिवसांचा वाजवी खर्च कापून, आणि जागा रिकामी केल्यावर १४ दिवसांत. त्या मुदतीत कोणी वारलं तरी साधारण रद्द झाल्यासारखंच धरतात. फक्त हे लक्षात असू द्या की या ९० दिवसांत संस्था पण तुम्हाला नाही म्हणू शकते. त्यानंतर मात्र त्यांना ठोस कारण आणि ९० दिवसांची नोटीस लागते. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनियाच्या मंडळींनी यावर विसंबू नये, तिकडे सहीनंतर ७ दिवसच असतात. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या गाओ या तपासणी संस्थेने अहवाल काढला तेव्हा १२ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत तर सीसीआरसीसाठी वेगळा नियमच नव्हता, आणि केंद्राचा कायदा करारांना लागूच नाही, सगळं राज्यावर. मुलाकडे सिअ‍ॅटलला जाऊन तिकडची जागा घ्यायचं ठरलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

पण ९० दिवसांचा उपयोग घर हातात असेपर्यंतच. घर विकून टाकलंत आणि ८० व्या दिवशी वाटलं नको, तर जाणार कुठे? शक्य असेल तर तीन महिन्यांसाठी पैशाची दुसरी सोय बघा आणि घर लगेच काढू नका. यात टॅक्सचाही मुद्दा आहे: १९८४ चं सनीव्हेलचं घर, नफा किती असेल ते मी सांगायला नको, त्यातले दोघांचे मिळून पाच लाख माफ, बाकीच्यावर टॅक्स. आणि घर कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे नवरा-बायकोची सामायिक मालमत्ता, म्हणून असेल तर दोघांतलं एक गेल्यावर पूर्ण घराची किंमत नव्याने धरतात, टॅक्स जवळपास उडतो. नवरा बायको म्हणून असं बोलणं वाईट वाटतं पण सीपीएकडे बसून बोला. त्यालाच विचारा की एन्ट्रन्स फी आणि मंथली फीतला वैद्यकीय म्हणून धरता येणारा भाग टॅक्समध्ये वजा होतो का, लाइफ केअर करारात बऱ्याचदा होतो.

मुलाला डाउन पेमेंटसाठी दोन लाख द्यायचेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते मी पत्रातून गाळलं होतं पण उत्तर देते. पैसे संपले तरी बाहेर काढणार नाही असं लाइफ केअरमध्ये वचन असतं, संस्था सवलत देते, पण तुम्ही मुद्दाम पैसे वाटून टाकले नाहीत या अटीवर. मुलाला दिलेले दोन लाख उद्या 'वाटून टाकले' या खात्यात जाऊ शकतात. द्यायचेच असतील तर सहीच्या आधी, आणि अर्जात मालमत्ता लिहिताना ते वगळून. प्रेमाने द्या पण तारीख बघून द्या.

जेवणाचं थोडक्यात: तुम्ही दोघं शाकाहारी, तिथलं दुपारचं जेवण एकदा मार्केटिंगशिवाय जेवा. म्हणजे रहिवाशांच्या संघटनेच्या अध्यक्षांना फोन करून त्यांच्या टेबलावर. सॅलड आणि चीज पास्ता सात दिवस, हे तुम्हाला तिथेच कळेल, आणि त्या टेबलावर फी वाढ, मेंटेनन्स, शेवटी कोणाचा परतावा किती दिवसांनी मिळाला हेही. तिथल्या रहिवाशांची संघटना किती जागी आहे त्यावरून जागेची पारख होते असं माझं मत. कॅलिफोर्नियात रहिवाशांची राज्यभराची संघटना आहे, कालक्रा, आणि कॅनर नावाची संस्था ग्राहकांच्या बाजूने माहिती देते. दोघांनाही लिहा.

आणि करार एल्डर लॉ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे कायदे, बघणाऱ्या वकिलाला दाखवा. मी वकील नाही, आणि तुमच्या यांचा रिअल इस्टेटवाला मित्र पण नाही.

सेल्सवालीला आज एवढंच पाठवा: 'करारात रस आहे. संपूर्ण करार, डिस्क्लोजर स्टेटमेंट, गेल्या तीन वर्षांचं ऑडिट आणि राज्याला दिलेला शेवटचा वार्षिक रिपोर्ट पाठवा. पार्किन्सनचं निदान आहे, त्यावर तुमची अट लेखी कळवा. वकिलाने बघितल्यावर तीन आठवड्यांत उत्तर देऊ.' तीन आठवडे नाही म्हणाली तर तिचं उत्तर मिळालंच. कागद आले तर परताव्याचं कलम आणि फी वाढीचा तक्ता तेवढा मला स्कॅन करून पाठवा, नावं खोडून, पुढच्या अंकात बघू.